सुई टोचली तरी पोट वाचत नाही

"गोळीनं पोटात आग होते जी, सुईच देऊन द्या." कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या भागातल्या कोणत्याही दवाखान्यात संध्याकाळी बसा, हे हमखास ऐकू येईल. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई कमरेत टोचली, पोटात गेलीच नाही, मग पोटाला धोका कसला, असा हा हिशेब. तो चुकतो.

औषध गुडघा शोधत जात नाही. रक्तात मिसळले की सगळीकडे फिरते आणि जिथे कॉक्स नावाचे विकर (एन्झाइम) भेटेल तिथे ते अडवते. इजा झालेल्या पेशीच्या आवरणातल्या मेदापासून अरॅकिडोनिक आम्ल सुटते. कॉक्स त्याचे प्रोस्टाग्लँडिन हे रसायन बनवते. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते आणि चेतातंतू इतके हळवे होतात की नुसता स्पर्शही ठणकतो. अ‍ॅस्पिरिन 1899 पासून विकले जात होते, पण ते हा कारखाना बंद करते हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवले. 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

मला यातला सगळ्यात आवडता भाग म्हणजे कॉक्सच्या रेणूतला अरुंद बोगदा. अरॅकिडोनिक आम्ल त्यातूनच आत शिरते. आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक बोगद्यात जाऊन बसते आणि काही तासांनी निघून जाते. अ‍ॅस्पिरिन मात्र आतल्या 530 व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला अ‍ॅसिटिल गट कायमचा चिकटवून टाकते. रक्ताची गुठळी बनवणाऱ्या बिंबिकांना (प्लेटलेट) केंद्रक नसते, त्यामुळे त्यांना नवे कॉक्स बनवता येत नाही. आठ-दहा दिवसांचे त्यांचे उरलेले आयुष्य तसेच जाते. म्हणून हृदयरोग्याला रोजचे 75 मिलिग्रॅम पुरते.

कॉक्सचे दोन प्रकार आहेत. कॉक्स-1 जठरात, मूत्रपिंडात कायम कामावर असते; कॉक्स-2 मुख्यतः सूज आली की वाढते. कॉक्स-1 मध्ये 523 व्या जागी आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल असते, कॉक्स-2 मध्ये त्याहून जरा लहान व्हॅलीन. तेवढ्याने बोगद्याला बाजूला एक कप्पा मिळतो आणि सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब या नव्या वेदनाशामकांचे रेणू त्यात बरोबर बसतात. पोट बरेचसे वाचले, पण हृदयाचा धोका पुढे आला. त्याच गटातले रोफेकॉक्सिब 2004 मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले.

जठराचे अस्तर आम्लापासून वाचवणारा चिकट थर प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर टिकतो. सुईतले डायक्लोफेनॅकही रक्तावाटे तिथे पोचतेच.

अर्धशिशीच्या ट्रिप्टान गोळ्यांचा रस्ता वेगळा आहे. त्या सेरोटोनिनच्या ग्राहकांवर काम करतात. आठवडी बाजारातल्या पुडीचा रस्ता मात्र कोणी सांगत नाही. 'जडीबुटी' म्हणून विकलेल्या अशा चूर्णांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत. स्टेरॉइड मुळात अरॅकिडोनिक आम्ल सुटणेच रोखते, त्यामुळे दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. गुडघ्यावर बिब्बा लावून फोड आणणाऱ्यांना तर त्या दुखण्यात आणखी एक दुखणे मिळते.

मूत्रपिंडाची गोष्ट मे महिन्याची. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या पुढे, आणि माणसे तेंदूपत्ता तोडायला रानात. घामाने अंगातले पाणी आटले की मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनच लागते. अशा वेळी कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक घेतले, तर तो रक्तपुरवठा घटतो आणि लघवी कमी होते. पॅरासिटॅमॉल मुख्यतः मेंदूत काम करते, सूज फारशी उतरवत नाही. पण ठरलेल्या मात्रेत घेतले तर अशा वेळी मूत्रपिंडाला त्याचा जाच बराच कमी.