सावलीत गेला की कोपरे काळे

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची दुपारची मॅच. उन्हं कलली की गॅलरीची सावली हळूहळू मैदानात उतरते आणि खेळ अर्धा उन्हात, अर्धा सावलीत चालतो. मी ७०-२०० एफ २.८ झूम (७० ते २०० मिमीपर्यंत फिरणारी, दूरचं जवळ आणणारी लेन्स) लावून कडेला बसलो होतो. रात्री फोटो बघायला घेतले तर एका फ्रेमचे चारही कोपरे काळवंडलेले, पुढची फ्रेम स्वच्छ, दोन सोडून परत काळी. मित्राने लगेच निकाल दिला, "गेली तुझी लेन्स." दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "उघडून बघायला लागेल."

लेन्स उघडण्याआधी फोटोंची माहिती उघडली. प्रत्येक फाइलमध्ये शटर (प्रकाश किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्समधलं लहान-मोठं होणारं भोक), आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील) सगळं नोंदलेलं असतं, आणि आपण ते क्वचितच वाचतो. स्वच्छ फ्रेम एफ ८ च्या, काळ्या एफ २.८ च्या. एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं ॲपर्चर मोठं. शटर १/१००० आणि आयएसओ ४०० मी स्वतः पक्के केले होते, ॲपर्चर कॅमेऱ्यावर सोडलं होतं. बॉल उन्हात असला की कॅमेरा ॲपर्चर बारीक करत होता, सावलीत गेला की सताड उघडत होता. एफ ८ ते एफ २.८ म्हणजे तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), म्हणजे आठपट प्रकाशाचा फरक. लेन्स शाबूत होती. तिच्यातला कायमचाच एक गुण सावलीत तेवढा उघडा पडत होता.

हा गुण घरी बघता येतो. दोन बांगड्या घ्या, एकीमागे एक, वितभर अंतरावर धरा आणि समोरून बघा. आरपार गोल दिसतं. आता जरा तिरकं बघा. दोन्ही गोल एकमेकांवरून सरकतात आणि मधली मोकळी जागा पानाच्या आकाराची होते. लेन्समध्ये पुढच्या काचेची कड ही एक बांगडी, आतलं ॲपर्चर दुसरी. फोटोच्या मध्यावर जाणारा प्रकाश सरळ येतो, कोपऱ्यात जाणारा तिरका, म्हणून कोपऱ्याच्या वाट्याला पानाएवढाच झरोका येतो. मागची बांगडी बदलून तिथे अंगठी धरली तर? तिरकं बघूनही अंगठी पूर्ण दिसते. ॲपर्चर बारीक केल्यावर कोपरे उजळतात ते यामुळेच. रात्रीच्या फोटोत मागचे धूसर दिवे मध्यभागी गोल आणि कोपऱ्यांत लिंबासारखे दिसतात, ते याच पानाचं चित्र.

झूमचाही हात असतो. २०० मिमीला २.८ ने भागलं की ७१ मिमी येतात. ॲपर्चर पुढून बघताना एवढं रुंद दिसतं, आणि पुढची काच त्याहून फार मोठी नसते. ७० मिमीला हाच आकडा फक्त २५. म्हणून या जातीच्या झूममध्ये कडेची छाटणी बहुधा २०० च्या टोकाला जास्त जाणवते, आणि खेळाचे फोटो काढणारा माणूस बहुतेक वेळ त्याच टोकाला असतो.

तिरका प्रकाश मुळातच क्षीण पडतो, असा एक नियम पुस्तकात भेटतो. कोनाच्या कोसाइनचा चौथा घात. २४ मिमीच्या वाइड लेन्सला तो हिशेबाने कोपऱ्यात जेमतेम ३० टक्के प्रकाश ठेवतो. २०० मिमीला मात्र ९८ टक्के उरतो, त्यामुळे टेलीच्या, म्हणजे दूरचं बघणाऱ्या लेन्सच्या बाबतीत तो विसरलात तरी चालेल.

कॅमेरे कोपरे स्वतःही उजळतात. पण ती दुरुस्ती जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत होते; रॉ, म्हणजे कच्च्या फाइलचा मूळ डेटा तसाच राहतो. शिवाय कॅमेऱ्याला लेन्स ओळखता आली पाहिजे. ओळख पटली नाही की कोपरे जसेच्या तसे. आधी माउंटवरचे (लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथले) सोनेरी ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसून बघायचे, फुकटचा उपाय आहे.

सगळे काळे कोपरे मात्र असे सालस नसतात. एप्रिलमधल्या एका मॅचला वळीव आला, लेन्सवर प्लॅस्टिकचं कव्हर चढवलं आणि पुढच्या पन्नासेक फ्रेममध्ये उजवा वरचा कोपरा काळा. एकच कोपरा काळा झाला की काचेवर संशय घेऊ नये, बाहेरचं काहीतरी आड येतंय. रबर निसटून कव्हरची कड पुढे लोंबत होती. प्लॅस्टिकची एक सुरकुतीही फोटोत दिसत नव्हती, कारण इतक्या जवळची वस्तू ७१ मिमीच्या झरोक्यासमोर पार विरघळून जाते, उरतो फक्त धुरकट अंधार. अर्धवट फिरलेला हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं आवरण) हेच करतो, मात्र तो ७० च्या टोकाला पकडला जातो, कारण तिथे लेन्स जास्त रुंद बघते. इथे ॲपर्चर बारीक करून बघा. लेन्सच्या स्वभावातली काळोखी असेल तर विरते. हूडची किंवा कव्हरची असेल तर उलट तिची कड आणखी ठळक होते.

बाजूही बोलकी असते. लेन्सच्या पुढे जे अडतं ते फोटोत त्याच बाजूला दिसतं. सेन्सरजवळ, म्हणजे फोटो उमटतो तिथे, प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे तिथे अडलेलं विरुद्ध बाजूला जातं. डीएसएलआर कॅमेऱ्यात फोटो घेताना आतला आरसा वर उचलला जातो; तो वर जायला आळसावला तर काळी पट्टी फोटोच्या खालच्या कडेला येते. अशी पट्टी दिसली तर मात्र खरंच दुरुस्तीवाला गाठावा.

मला सगळ्यात जास्त छळलं ते प्रकाशझोतातल्या टेनिस बॉल सामन्यांनी. तिथे फ्रेमचा वरचा निम्मा भाग काळपट आणि जरा तांबूस, तीन फ्रेम बऱ्या, दोन वाईट. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुने मेटल हॅलाइड आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/१००० ला शटरचे दोन पडदे बारीक फट ठेवून सेन्सरवरून वरून खाली धावतात आणि हा प्रवास साधारण १/२५० सेकंद घेतो. तेवढ्यात दिवा प्रखराचा मंद झालेला असतो. फट सुरुवातीला उजेडात असते आणि शेवटी अंधारात. कॅमेरा उभा धरला असेल तर हीच काळोखी डाव्या किंवा उजव्या कडेला येते आणि माणूस निष्कारण हूड फिरवत बसतो. सेकंदाला १० फ्रेमचा वेग १०० च्या लयीशी जवळजवळ जुळतो, पण तंतोतंत नाही. म्हणून बऱ्या-वाईट फ्रेम अशा लाटेसारख्या येतात. पारख सोपी: शटर १/१०० करा. खेळाडू हलतील, पण पट्टी गायब होईल.

कॅननने २०१४ च्या सेव्हन डी मार्क टू मध्ये यावर तोडगा आणला: कॅमेरा दिव्याची लय ओळखतो आणि तो प्रखर असतानाच शटर सोडतो. बटण दाबल्यावर किंचित उशीर होतो, पण बॅटला बॉल लागण्याचा क्षण माझा तसाही चुकतच असतो.

शाहू स्टेडियमच्या त्या फोटोंतली एक फ्रेम तेवढी हिशेबात बसेना. उन्हात, एफ ८ ला काढलेली, तरी डावा वरचा कोपरा काळसर. मोठी करून बघितली तर काळ्यात पिवळी झाक होती. माझ्या डोक्यावरून गॅलरीतला कुणीतरी आपल्या तालमीच्या संघाचा झेंडा फिरवत होता.