प्लॅन दुप्पट केला म्हणून गेम अडकायचा थांबत नाही

गेम अडकू लागला की जास्त एमबीपीएसचा, म्हणजे जास्त वेगाचा, इंटरनेट प्लॅन घ्यावा, हा समज आमच्या गोव्यात वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि तो चुकीचा आहे. बहुतेक ऑनलाइन गेमना खेळताना 1 एमबीपीएसदेखील पुरतो. खेळ बिघडतो तो पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) वरखाली झाल्याने किंवा पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे) वाटेत हरवल्याने. फोंड्यातल्या आमच्या जुन्या घरात राउटर बाहेरच्या खोलीत, संगणक आत आणि मध्ये चिऱ्याच्या दोन जाड भिंती आहेत. संगणकावरून थेट राउटरलाच पिंग करून पाहिले, तेव्हा आकडे 3, 4, 180, 5, 240 मिलिसेकंद असे उड्या मारत होते, म्हणजे दोष घराबाहेरच्या फायबरचा नव्हताच. (प्लॅन मी त्याआधीच वाढवून बसलो होतो, हे सांगायला लाज वाटते.) राउटरपासून संगणकापर्यंत लॅन केबल टाकल्यावर तोच आकडा 1 मिलिसेकंदाच्या आसपास स्थिरावला. केबल शक्य नसल्यास राउटर जवळ आणून 5 गिगाहर्ट्झचे वायफाय वापरावे. भिंतीपलीकडे मात्र ते लवकर क्षीण होते. राउटरपर्यंतचा पिंग स्थिर असूनही घरात कोणी व्हिडिओ अपलोड करू लागताच खेळ अडखळत असेल, तर अपलोडची रांग तुंबते आहे असे समजावे आणि राउटरच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घालावी. एवढे करूनही पॅकेट्स हरवत असतील, तरच इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवावी.