नॉर्थ कॅरोलिनातील राज्यव्यापी कार्यकारी निवडणुका

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील नॉर्थ कॅरोलिना राज्यात दर चार वर्षांनी, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्याच दिवशी, राज्याच्या दहा कार्यकारी पदांसाठी सर्व 100 काउंट्यांतील मतदार थेट मतदान करतात. गव्हर्नर (राज्याचा कार्यकारी प्रमुख), लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर), ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी), सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या अधिकृत नोंदी सांभाळणारा), ऑडिटर (लेखापरीक्षक), ट्रेझरर (खजिनदार), सार्वजनिक शिक्षण अधीक्षक, कृषी आयुक्त, विमा आयुक्त आणि कामगार आयुक्त अशी ही पदे आहेत. या दहा जणांच्या मंडळाला ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ म्हणतात. उरलेल्या नऊ जणांपैकी एकालाही गव्हर्नर निवडत नाही आणि पदावरून दूरही करू शकत नाही. आरोग्य, वाहतूक, पर्यावरण, वाणिज्य अशा खात्यांचे सचिव गव्हर्नर नेमतो. त्यामुळे राज्याच्या कारभारात दोन फळ्या असतात, एक नेमलेल्यांची आणि दुसरी मतदारांनी निवडलेल्यांची. महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो आणि नगरपालिकेत बहुमत दुसऱ्याच पक्षाचे येते, तेव्हा होणारी ओढाताण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या व्यवस्थेचा अंदाज येईल. फरक इतकाच की इथे ती खुद्द राज्याच्या घटनेतच आहे.

हे विभाजन मुद्दाम केलेले आहे. ब्रिटिश राजाने नेमलेल्या गव्हर्नरांचा अनुभव ताजा असताना 1776 मध्ये राज्याची पहिली घटना तयार झाली. तिने गव्हर्नरची निवड विधिमंडळाकडे दिली, मुदत एकच वर्ष ठेवली आणि सहा वर्षांत तीनपेक्षा जास्त वर्षे पद मिळणार नाही अशी मर्यादा घातली. 1835 च्या घटनादुरुस्तीने गव्हर्नरची थेट निवड सुरू झाली आणि पुढच्या वर्षी एडवर्ड डडली हे लोकांनी निवडलेले पहिले गव्हर्नर झाले. यादवी युद्धानंतर आलेल्या 1868 च्या घटनेने मुदत चार वर्षांची केली, लेफ्टनंट गव्हर्नरचे पद निर्माण केले आणि इतर प्रमुख पदेही मतदारांच्या हाती सोपवली. शेती, विमा आणि कामगार या खात्यांच्या आयुक्तांना घटनेत स्थान मिळाले ते 1944 मध्ये.

गव्हर्नरविषयीचा संशय मात्र विसाव्या शतकातही गेला नाही. लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहण्याची मुभा 1977 मध्ये मिळाली आणि जिम हंट हे तिचा लाभ घेणारे पहिले गव्हर्नर ठरले. विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक रोखण्याच्या अधिकारासाठी, म्हणजे नकाराधिकारासाठी, तर 1996 च्या सार्वमतापर्यंत वाट पाहावी लागली. गव्हर्नरला तो देणारे नॉर्थ कॅरोलिना हे देशातले शेवटचे राज्य. लागोपाठ दोन मुदतींची मर्यादा आजही फक्त गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर यांनाच आहे. इतर पदांवर माणसे दशकानुदशके बसतात. थॅड यूर हे 1936 पासून 1989 पर्यंत सेक्रेटरी ऑफ स्टेट होते. जिम ग्रॅहम 1964 पासून 2001 पर्यंत कृषी आयुक्त राहिले. इलेन मार्शल यांनी 1996 मध्ये मोटार शर्यतीतले दिग्गज रिचर्ड पेटी यांना हरवले आणि राज्यव्यापी कार्यकारी पदावर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. 2024 मध्येही त्याच निवडून आल्या.

ही पदे ‘लोकांनी निवडलेली’ म्हणताना कोणते लोक, हे विचारलेच पाहिजे. 1900 च्या घटनादुरुस्तीने साक्षरता चाचणी आणि मतदान कर लादून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ काढून घेतला. त्यानंतर 1972 पर्यंत प्रत्येक गव्हर्नर डेमोक्रॅटिक पक्षाचाच झाला. खरी लढत त्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत व्हायची, नोव्हेंबरचे मतदान हा उपचार उरला होता. कार्यकारी पदावर राज्यभरातून निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती म्हणजे ऑडिटर राल्फ कॅम्बेल, आणि तेही 1992 मध्ये. निवडून द्यायच्या पदांची संख्या हे लोकशाहीचे माप मानणाऱ्यांनी ही नव्वद वर्षे विसरू नयेत.

पक्षाचा उमेदवार प्राथमिक निवडणुकीत ठरतो. पहिल्या क्रमांकाला 30 टक्क्यांहून अधिक मते मिळाली की तो विजयी होतो, नाहीतर दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार फेरलढतीची मागणी करू शकतो. नोव्हेंबरमध्ये ज्याला सर्वाधिक मते, तो जिंकला, निम्म्याहून अधिक मतांची अट नाही. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर यांच्यासाठी वयाची अट 30 वर्षे आहे. मतपत्रिका लांबलचक असते. अध्यक्षापासून सुरुवात, मग ही दहा पदे, पुढे न्यायाधीश, विधिमंडळ आणि काउंटीचे प्रतिनिधी, आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक पदासाठी वेगळा गोल पेनने भरायचा. एकाच खुणेने एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देण्याची सोय 2013 च्या कायद्याने बंद झाली. तेव्हापासून मतदाराला खाली खाली जात प्रत्येक नाव पाहावे लागते, आणि अनेक जण मध्येच थांबतात. कामगार आयुक्ताचे नाव सहसा कुणाला माहीत नसते. चेरी बेरी यांचे मात्र घरोघरी माहीत होते, कारण लिफ्टची तपासणी या खात्याकडे आहे आणि बेरी यांनी तपासणीच्या प्रमाणपत्रावर स्वतःचा फोटो छापला होता. लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येक जण तो पाहायचा. 2001 ते 2021 अशी वीस वर्षे त्या पदावर होत्या.

मतमोजणीतला काटेकोरपणा किती महत्त्वाचा असतो, हे या राज्याने 2004 मध्ये अनुभवले. कृषी आयुक्त मेग स्कॉट फिप्स यांना प्रचारनिधीच्या गैरव्यवहारामुळे 2003 मध्ये राजीनामा द्यावा लागला होता. रिकाम्या जागेवर गव्हर्नरने ब्रिट कॉब यांना नेमले आणि 2004 मध्ये त्यांच्यापुढे स्टीव्ह ट्रॉक्सलर उभे राहिले. मोजणीअंती ट्रॉक्सलर 2,287 मतांनी पुढे होते. पण किनाऱ्यावरच्या कार्टरेट काउंटीत निवडणुकीच्या दिवसाआधी होणाऱ्या मतदानाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राची साठवण भरून गेली होती. तरीही यंत्र मते घेत राहिले आणि 4,438 मते कुठेच नोंदली गेली नाहीत. त्यांची कागदी प्रतही नव्हती. हरवलेली मते फरकापेक्षा जास्त, म्हणजे निकाल ठरवायचा कसा? फेरमतदानाचे आदेश निघाले, ते न्यायालयात टिकले नाहीत. शेवटी ट्रॉक्सलर यांच्या बाजूने, हरवलेल्या मतदारांपैकी हजाराहून अधिक जणांनी ‘आम्ही यांनाच मत दिले होते’ अशी प्रतिज्ञापत्रे केली आणि फेब्रुवारी 2005 मध्ये कॉब यांनी हार मान्य केली. त्याच निवडणुकीत शिक्षण अधीक्षकपदाचा वाद, स्वतःचे केंद्र सोडून दुसऱ्या मतदान केंद्रावर दिलेली मते वैध की अवैध या प्रश्नावर अडकला. तो ऑगस्ट 2005 मध्ये विधिमंडळाने मतदान करून जून ॲटकिन्सन यांच्या बाजूने सोडवला. या प्रकरणांनंतर 2005 मध्ये मतदानाची कागदी नोंद सक्तीची करणारा कायदा झाला. मताचा कागद हातात राहावा, ही साधी मागणी किती खरी आहे, हे कार्टरेटमधल्या मतदारांना विचारावे.

2016 मध्ये आणखी एक नियम पणाला लागला. राज्यव्यापी लढतीत फरक 10,000 मते किंवा अर्धा टक्का यांपैकी जो आकडा लहान असेल त्याच्या आत असेल, तरच पराभूत उमेदवाराला फेरमोजणी मागता येते. रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर पॅट मॅक्रोरी हे डेमोक्रॅटिक पक्षाचे रॉय कूपर यांच्यामागे 10,277 मतांनी होते. त्यांच्या पक्षाने डरहॅम काउंटीतल्या उशिरा नोंदलेल्या सुमारे 94 हजार मतपत्रिकांवर आक्षेप घेतला. त्या पुन्हा मोजल्या, आकडा हलला नाही आणि 5 डिसेंबरला मॅक्रोरी यांनी पराभव स्वीकारला.

मतदार एकाच मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांना वाटून मते देतात, हे इथले ठळक वैशिष्ट्य. 2024 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी राज्य जिंकले, तर त्याच दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉश स्टीन यांनी मार्क रॉबिन्सन यांना सुमारे 15 टक्क्यांच्या फरकाने हरवून गव्हर्नरपद मिळवले. दहा पदे पाच-पाच अशी विभागली गेली. गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि शिक्षण अधीक्षक डेमोक्रॅटिक पक्षाचे, बाकीचे पाच रिपब्लिकन पक्षाचे.

गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर यांची जोडी नसते, दोघांवर वेगळे मतदान होते. त्यातून विचित्र प्रसंग येतात. गव्हर्नर राज्याबाहेर असताना घटनेनुसार लेफ्टनंट गव्हर्नर त्याच्या जागी काम पाहतो. ऑक्टोबर 2023 मध्ये गव्हर्नर कूपर व्यापारविषयक दौऱ्यासाठी जपानला गेले असताना तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर, विरोधी पक्षाचे रॉबिन्सन यांनी प्रभारी गव्हर्नर म्हणून इस्राएलला पाठिंबा देणारा सप्ताह जाहीर केला.

तरी याहून गंभीर प्रश्न वेगळा आहे. पदावर कोण बसणार हे मतदार ठरवतात, पण त्या पदाचे बरेचसे अधिकार विधिमंडळाच्या कायद्याने ठरतात. कूपर निवडून आल्यावर, ते शपथ घेण्याआधीच, डिसेंबर 2016 मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने विशेष अधिवेशनात गव्हर्नरचे अनेक अधिकार कमी केले आणि काही शिक्षण अधीक्षकाकडे दिले. त्यावेळी अधीक्षकपद रिपब्लिकन पक्षाकडे गेले होते. राज्याच्या निवडणूक मंडळावरून झालेला झगडा त्याहून लांबला. पाच सदस्यांचे हे मंडळ गव्हर्नर नेमत असे आणि त्यात त्याच्या पक्षाला तीन जागा मिळत. 2016 पासून विधिमंडळाने हा अधिकार काढून घेण्याचे प्रयत्न केले. काही न्यायालयात अडले आणि 2018 मध्ये त्यासाठी मांडलेली घटनादुरुस्ती मतदारांनीच फेटाळली. अखेर 11 डिसेंबर 2024 रोजी कूपर यांचा नकाराधिकार डावलून एक कायदा संमत झाला आणि नेमणुकीचा अधिकार ऑडिटरकडे गेला. ऑडिटरपदी तेव्हा नुकतेच डेव्ह बोलिक हे रिपब्लिकन उमेदवार निवडून आले होते. नोव्हेंबरमध्ये त्या पदासाठी गोल भरणाऱ्या मतदाराला, आपण राज्याच्या निवडणुका चालवणाऱ्या मंडळाचा नेमणारा निवडत आहोत, हे समजायला काहीच मार्ग नव्हता. स्टीन यांनी न्यायालयात दाद मागितली. अपील न्यायालयाने कायदा लागू होऊ दिला आणि 1 मे 2025 रोजी बोलिक यांनी नवे मंडळ नेमले, त्यात रिपब्लिकन पक्षाचे बहुमत झाले. या दहाही पदांची पुढची निवडणूक नोव्हेंबर 2028 मध्ये आहे.