पाइपचा स्टेम: एबोनाइट आणि ॲक्रिलिक

तंबाखू ओढायच्या पाइपचा स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, एबोनाइटच्या किंवा ॲक्रिलिकच्या रॉडमधून करतात. काळं एबोनाइट आणि काळं ॲक्रिलिक पॉलिश करून शेजारी ठेवलं, तर पाहून फरक सांगता येत नाही. वजनही जवळपास सारखंच. पण ज्याच्याकडे लेथ नाही, नुसतं ड्रिल, दोन-तीन कानशी आणि वॉटर पेपर आहेत, त्याला हातातला रॉड कोणता हे आधी कळायलाच हवं.

ओळखायची सोपी रीत म्हणजे रॉडच्या टोकावर काचपेपर कोरडाच जोरात घासायचा. गंधकाचा, रबर तापल्यासारखा वास आला तर ते एबोनाइट. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. गंधकाचं प्रमाण साधारण 30 टक्के असतं. ॲक्रिलिकचा वास प्लास्टिकचा, गोडसर आणि नाकाला झोंबणारा.

कानशीखाली एबोनाइट शांतपणे निघतं. ॲक्रिलिक जास्त कडक आणि ठिसूळ. दातांत धरायच्या टोकाला जी वर आलेली कड ठेवतात (तिला बटन म्हणतात), तिथे खरखरीत कानस लागली की टवका उडतो. म्हणून शेवटचा मिलिमीटर बारीक कानशीनेच काढावा. बटनामागची जाडी 4 मिमीच्या आसपास आली की थांबावं. त्याहून पातळ केलं तर आतलं भोक उघडं पडायची भीती.

भोक पाडताना ॲक्रिलिक तापून वितळतं आणि ड्रिलच्या पात्याला चिकटतं. वेग कमी ठेवा, दर 4-5 मिमीला पातं बाहेर काढून भुसा झटका.

पाइपच्या लाकडी दांडीच्या भोकात बसणारा खुंट, म्हणजे टेनन, ॲक्रिलिकमधूनच कोरायचा मोह टाळावा. तो खांद्यापाशी मोडतो, आणि मोडलेला तुकडा लाकडातच अडकतो. डेल्रिनचा (हे एक चिवट प्लास्टिक) 8 मिमीचा तयार खुंट बसवलेला बरा. फक्त डेल्रिनला गोंद धरत नाही. आधी त्यावर कानशीने आडव्या खाचा पाडाव्यात, मगच इपॉक्सी लावावं. एबोनाइटचा खुंट रॉडमधून काढता येतो, पण हाताने तो सरळ आणि गोल ठेवणं कठीण, त्यामुळे तिथेही डेल्रिनच सोयीचं.

सगळ्यात मोठा फरक वाक देताना दिसतो. एबोनाइट उकळत्या पाण्यात काही मिनिटांत मऊ पडतं. भोकात आधी पाइप क्लीनर (पाइप साफ करायची केसाळ, लवचीक तार) घालायचा, नाहीतर वळणावर भोक चपटं होतं. हळूच वाकवून, तसंच धरून गार पाण्याखाली न्यायचं. वाक चुकला तर पुन्हा तापवा. ते बरंचसं सरळ होतं. ॲक्रिलिकला 150 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, त्यामुळे उकळतं पाणी पुरत नाही. अर्धवट तापलेलं वाकवलं तर तडा, जास्त तापलं तर आत बुडबुडे, आणि ते निघत नाहीत. लेथशिवाय पहिला स्टेम करणाऱ्याने म्हणूनच एबोनाइट घ्यावं.

एबोनाइटचा दोष नंतर कळतो. ऊन आणि ओल लागली की पृष्ठभाग हिरवट-तपकिरी होतो, चव कडवट लागते. ओल्या वॉटर पेपरने 600, 1000, 2000 या क्रमाने घासून पॉलिश केलं की पुन्हा काळा होतो. ॲक्रिलिकचा रंग असा जात नाही, पण ते अल्कोहोलने पुसू नये. वळणावर, जिथे आतला ताण उरलेला असतो, तिथे केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात.