बिनचेहऱ्याचा राक्षस

ऑक्टोबर 2019 मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात एक पिवळा, बुळबुळीत जीव लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आला. त्याला मेंदू नाही, तोंड नाही, हातपाय नाहीत. शास्त्रीय भाषेत तो फायसेरम पॉलिसेफालम, म्हणजे एक स्लाइम मोल्ड, बुरशीसारखा दिसणारा पण बुरशी नसलेला जीव. पण पाटीवर त्याचे नाव होते ‘ब्लॉब’. हे नाव आले 1958 सालच्या ‘द ब्लॉब’ या अमेरिकी चित्रपटावरून, आणि तो मोटारीत बसून सिनेमा पाहणाऱ्या पोरासोरांसाठी किरकोळ पैशांत काढलेला होता.

पेनसिल्व्हेनियातल्या लहान गावांत, धार्मिक चित्रपट काढणाऱ्या अर्विन येवर्थ यांनी तो दिग्दर्शित केला. नायक स्टीव्ह मॅक्वीन शाळकरी मुलगा म्हणून वावरतो. चित्रीकरणाच्या वेळी त्याचे वय 27 होते आणि ते लपत नाही. हातात पैसा बेताचा असल्यामुळे दात, नखे, शेपटी असलेला राक्षस घडवणे परवडणारे नव्हते. त्याऐवजी आला लाल रंग मिसळलेल्या सिलिकोनचा गोळा. सिलिकोन हा घट्ट, चिवट द्रव असल्यामुळे तो पाण्यासारखा पसरत नाही, लोळासारखा सावकाश सरकतो. हा गोळा घराच्या छोट्या प्रतिकृतीवर ठेवायचा आणि प्रतिकृती व कॅमेरा दोन्ही एकत्र तिरके करायचे, अशी युक्ती होती. कॅमेराही तितकाच कलल्याने चित्रात जमीन सपाटच दिसते. उताराचा मागमूस राहत नाही आणि गुरुत्वाकर्षणाने ओघळणारा गोळा स्वतःच्या इच्छेने चालून येतो आहे, असा भास होतो.

माझ्या मते या चित्रपटाची खरी कमाई इथेच आहे. महागड्या चित्रपटांतले परग्रहवासी बहुधा दोन पायांवर चालणारे, म्हणजे मुखवटा चढवलेली माणसेच असतात. इथे मात्र चेहरा नसलेले, जे सापडेल ते गिळून वाढणारे सजीवत्व दिसते आणि ते जीवशास्त्राला अधिक जवळचे आहे. फायसेरम ही असंख्य केंद्रके असलेली एकच महाकाय पेशी आहे. तिच्या नलिकांमधला रस ठरावीक लयीत पुढे-मागे वाहतो आणि त्या हेलकाव्यांतून ती तासाला काही सेंटिमीटर सरकते. 2010 साली जपानी संशोधकांनी टोकियो परिसरातल्या शहरांच्या जागी ओटचे दाणे मांडले, तेव्हा तिने त्यांना जोडणारे जे जाळे विणले ते तिथल्या रेल्वेमार्गांशी बरेच मिळतेजुळते निघाले. (पावसाळ्यात सह्याद्रीत कुजक्या ओंडक्यांवर तिची भावंडे दिसतात, आपण त्यांना बुरशी समजून पुढे जातो.)

कथेतही विज्ञानाचाच सूर आहे. मुले डोळ्यांनी पाहिलेले सांगतात, पोलीस त्याला पोरकट थट्टा ठरवतात. किराणा दुकानाच्या शीतगृहात लपल्यावर मात्र नायकाला कळते, की गोळा थंडीला बिचकतो: आधी निरीक्षण, मग अनुमान, मग प्रयोग. प्रयोगाची साधने, म्हणजे आग विझवणारी अग्निशामक नळकांडी, आहेत शाळेत, कुलूपबंद. शेवटी मुख्याध्यापकच दगड उचलून आपल्याच शाळेच्या दाराची काच फोडतात. त्या अग्निशामकांत कार्बन डायऑक्साइड दाबाखाली द्रवरूपात असतो. झडप उघडताच तो झपाट्याने प्रसरण पावतो, बाष्पीभवनाला लागणारी उष्णता स्वतःतूनच काढून घेतो आणि त्याचा काही भाग उणे 78 अंश सेल्सिअसच्या हिमकणांत गोठतो.

गोठलेला गोळा विमानातून आर्क्टिकवर टाकतात, आणि नायक म्हणतो की आर्क्टिक थंड आहे तोवर चिंता नाही. 1958 मध्ये ही पुस्ती निव्वळ गमतीची असावी. 1979 पासून मात्र आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापले आहे. पडद्यावर ‘समाप्त’ अशी अक्षरे उमटतात आणि पाहता पाहता त्यांचे प्रश्नचिन्ह होते.