लक्सेंबर्गची सेना

लक्सेंबर्गची सेना : पश्चिम युरोपातील लक्सेंबर्ग या २,५८६ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या भूवेष्टित ग्रँड डचीचे (ग्रँड ड्यूक हा राष्ट्रप्रमुख असलेल्या राज्याचे) सशस्त्र दल. संख्याबळ सुमारे एक हजार. ग्रँड ड्यूक हे नामधारी सरसेनापती. मुख्य तळ डीकिर्श शहरालगतच्या हेरेनबर्ग टेकडीवर असून तो १९५५ पासून वापरात आहे.

सेनेच्या स्थापनेचे वर्ष वादग्रस्त आहे. एका मतानुसार तिचा उगम जर्मन राज्यसंघासाठी १८४१–४२ च्या सुमारास उभारलेल्या तुकडीत शोधावा लागतो; या तुकडीची पथके एक्टरनाख व डीकिर्श येथे होती. सेनेचे वाद्यवृंदपथक आपली परंपरा १८४२ पासून सांगते, हा या मताचा मुख्य आधार. मात्र १८६७ च्या लंडन तहाने देश कायमचा तटस्थ ठरला, प्रशियाची शिबंदी परत गेली, राजधानीचा किल्ला पाडण्यात आला आणि अंतर्गत सुव्यवस्थेपुरतेच सैन्य ठेवण्याची मुभा राहिली. तुकडीही त्याच वर्षी मोडली. दुसरे मत १८८१ हे स्थापनावर्ष मानते : त्या वर्षीच्या कायद्याने जाँदार्म (सशस्त्र पोलीस) व स्वयंसेवक यांचे संयुक्त दल निर्माण झाले. तिसरे मत १९४४ ला महत्त्व देते : जर्मन ताब्यातून सुटका होताच सक्तीची लष्करी सेवा सुरू झाली व खऱ्या अर्थाने राष्ट्रीय सेना उभी राहिली. संघटनेची सलगता पाहता हे मत सबळ आहे, कारण १९४० च्या जर्मन आक्रमणानंतर जुने दल टिकले नव्हते. तथापि सक्ती १९६७ मध्ये रद्द झाली आणि भरती पुन्हा १८८१ च्याच, म्हणजे स्वयंसेवकांच्या, तत्त्वावर आली. म्हणून १८८१ हे वर्ष दुर्लक्षिण्याजोगे नाही.

दुसऱ्या महायुद्धकाळात बेल्जियमच्या पीराँ ब्रिगेडमध्ये लक्सेंबर्गच्या तोफखान्याची एक बॅटरी (तोफांची तुकडी) होती. तिच्या चार तोफांना ग्रँड डचेस शार्लोट यांच्या चार कन्यांची नावे दिलेली होती. तटस्थतेचे कलम १९४८ मध्ये संविधानातून वगळले गेले व पुढच्याच वर्षी देश नाटोचा संस्थापक सदस्य झाला. कोरिया युद्धात लक्सेंबर्गचे सैनिक बेल्जियन बटालियनबरोबर लढले. त्यांतील दोघे कामी आले. कोसोव्हो, अफगाणिस्तान व लेबानन येथेही पथके गेली.

लढाऊ बळ मुख्यतः टेहळणी कंपन्यांत एकवटलेले आहे. स्वयंसेवकांना पुढे पोलीस, सीमाशुल्क आदी शासकीय सेवांत प्राधान्य मिळत आले. यामुळे सैनिकी सेवा हा नोकरीचा टप्पाही ठरतो. २००३ पासून युरोपीय संघाच्या इतर देशांचे देशात राहणारे नागरिकही भरतीस पात्र आहेत.

सामग्रीत डिंगो चिलखती वाहने व हमव्ही ही लष्करी मोटारवाहने यांचा भरणा राहिला. त्यांच्या जागी ८० ईगल चिलखती वाहनांची मागणी २०२२ मध्ये नोंदवण्यात आली. स्वतंत्र वायुदल नाही. ए-४०० एम हे एकमेव मालवाहू विमान २०२० मध्ये मिळाले. ते बेल्जियमच्या मेल्सब्रुक तळावरून बेल्जियन वायुदलाबरोबर चालवले जाते. नाटोची अवॅक्स (हवाई टेहळणीची) विमाने लक्सेंबर्गमध्ये नोंदलेली असली, तरी ती या देशाच्या मालकीची नाहीत. संदर्भग्रंथांतील तक्त्यांत हा घोटाळा होऊ शकतो. २०१८ मध्ये गव्हसॅट-१ हा दळणवळण उपग्रह प्रक्षेपित झाला. बेल्जियमबरोबर त्या देशातील आर्लाँ येथे संयुक्त बटालियन उभारण्याची योजना आहे.