धातूच्या कीबोर्डचा आवाज : पार्श्वभूमी

अॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून यंत्रावर कोरून काढलेली केस (म्हणजे बाहेरचे आवरण), तळाशी पितळेची जाड पट्टी आणि दीड-दोन किलो वजन, असा कीबोर्ड काही वर्षांपूर्वीपर्यंत मोजक्या शौकिनांच्याच टेबलावर असे. २०२० नंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली, मुंबई-पुण्याची नोकरी सांभाळून अनेक जण वर्षातले काही महिने रत्नागिरी, कुडाळ, देवगडकडच्या घरी राहू लागले, आणि त्यांच्याबरोबर हे कीबोर्डही कोकणात आले. जुन्या कोकणी घरात मधल्या भिंती पुष्कळदा कौलांपर्यंत नेलेल्या नसतात, त्यामुळे माळ्यावर किंवा पडवीलगतच्या खोलीत रात्री कोणी टाइप करू लागले, की माजघरात झोपलेल्यांना ते स्वच्छ ऐकू येते. एवढी जड वस्तू आवाज करणार नाही, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. ती खरी का ठरत नाही आणि ती खरी करण्यासाठी लोकांनी काय काय केले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

टाइपरायटरमध्ये आवाज हा कामाचाच भाग होता. कळ दाबली की अक्षर कोरलेला पोलादी दांडा शाईच्या फितीवर आणि तिच्यामागच्या रुळावर आदळे. तो आदळल्याशिवाय कागदावर काही उमटत नसे. भारतात गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यातले उत्पादन २००९ पर्यंत चालू होते. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या शासकीय परीक्षांची तयारी करून घेणारे टायपिंग क्लास कोकणातही तालुक्याच्या गावोगावी चालत, आणि एका खोलीत दहा-बारा यंत्रे एकदम सुरू झाली की शेजारच्या दुकानात बोलणे कठीण होई. त्यावरचा जुना उपाय म्हणजे यंत्राखाली घालायची नमद्याची जाड गादी. गादीमुळे दांड्याचा ठोका कमी होत नसे. पण यंत्र आणि लाकडी टेबल यांचा थेट संबंध तुटत असे, आणि टेबलाची फळी त्या ठोक्याबरोबर घुमायची थांबत असे. हा उपाय लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आजच्या महागड्या कीबोर्डमधले बरेचसे उपाय याच तत्त्वावर उभे आहेत.

अमेरिकेत याहून मुळाशी जाणारा प्रयत्नही झाला. नॉइजलेस टाइपरायटर कंपनीच्या यंत्रात दांडा जोराने आदळण्याऐवजी कागदाजवळ येऊन अक्षर दाबून उमटवत असे. १९२४ मध्ये ही कंपनी रेमिंग्टनमध्ये विलीन झाली आणि त्या पद्धतीची यंत्रे पुढेही अनेक वर्षे निघत राहिली. तरीही कार्यालयांत खडखडणारी यंत्रेच जास्त टिकली.

संगणक आल्यावर अक्षर उमटवण्यासाठी ठोक्याची गरज उरली नाही. कळ ही केवळ विजेची खूण झाली. तेव्हा आवाज आपोआप नाहीसा व्हायला हवा होता, पण तसे झाले नाही, आणि मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत उद्बोधक वाटतो. १९७० च्या दशकातील आयबीएमच्या काही टर्मिनलांच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीबरोबर टक्क वाजणारा विद्युतचुंबकी ठोकळा मुद्दाम बसवलेला असे, कारण टाइपरायटरवर हात बसलेल्या माणसाला अक्षर गेल्याची खात्री कानानेच होत असे. १९७८ मध्ये रिचर्ड हॅरिस यांना आयबीएमसाठी केलेल्या नव्या रचनेचे पेटंट मिळाले. तिच्यात कळीखालची उभी स्प्रिंग ठरावीक दाबाला एकाएकी वाकते, नळीच्या भिंतीवर आपटते आणि त्याच क्षणी खालचा संपर्क घडवते. म्हणजे बोटाला जाणवणारा झटका, कानाला येणारा आवाज आणि यंत्राला मिळणारी खूण या तिन्ही गोष्टी एका वेळी घडतात. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेला कीबोर्ड आणि १९८५ पासूनचा मॉडेल एम हे दोन्ही याच रचनेचे. मॉडेल एमच्या पोटात पोलादी पत्रा होता आणि वजन दोन किलोंच्या पुढे होते. जड कीबोर्ड म्हणजे चांगला कीबोर्ड, ही समजूत बऱ्याच अंशी तिथून आली आहे.

१९९० च्या दशकात पीसी स्वस्त झाले आणि कीबोर्डही स्वस्त करावे लागले. रबराच्या घुमटांचा एक पापुद्रा सगळ्या कळांखाली पसरणे हे प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच देण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. या कीबोर्डनी घराघरात शांतता आणली, पण कळीचा निश्चित स्पर्श गेला. तो टिकवून ठेवला तो जर्मनीतील चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचने, जो १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आला होता आणि ज्याची चार मिलिमीटरची चाल व अधिकच्या चिन्हासारखा दांडा आज जवळजवळ सर्वमान्य झाला आहे. जपानमध्ये टोप्रे कंपनीने रबरी घुमट आणि विद्युतधारिता यांची सांगड घातली. तिचे स्विच वापरणाऱ्या हॅपी हॅकिंग कीबोर्डची आवाज कमी केलेली आवृत्ती २०११ मध्ये आली. चेरीच्या मूळ पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, काइल्ह यांसारख्या चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच बनवायला घेतले, आणि घरी बसून कीबोर्ड जुळवण्याचा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

धातूची केस या छंदातूनच पुढे आली. २००० नंतरच्या दशकात दक्षिण कोरियातील शौकीन अॅल्युमिनियमच्या केस मोजक्या संख्येने, आगाऊ पैसे गोळा करून, बनवून घेऊ लागले. हीच ‘ग्रुप बाय’ पद्धत पुढे जगभर पसरली. पैसे भरून वर्ष-वर्ष वाट पाहावी लागे. २०२१ मध्ये कीक्रॉन या कंपनीने क्यू-१ हा संपूर्ण अॅल्युमिनियमचा, सुमारे १.६ किलोंचा कीबोर्ड नेहमीच्या विक्रीत आणला आणि ती वाट पाहणे बहुतेकांपुरते संपले.

आता मूळ प्रश्नाकडे. वजनामुळे कीबोर्ड टेबलावर सरकत नाही आणि टेबलाला मिळणारा हादरा काहीसा कमी होतो, एवढे खरे आहे. परंतु अॅल्युमिनियम हा कंप फार लवकर जिरवणारा धातू नाही. कळ तळाला टेकली की तो ठोका प्लेटमधून, म्हणजे स्विच ज्यात बसवतात त्या पत्र्यातून, स्क्रूंच्या वाटे केसमध्ये जातो, आतली पोकळी घुमते आणि शेवटी देवळातल्या घंटेसारखा बारीक नाद काही क्षण रेंगाळतो. सुरुवातीच्या बहुतेक केसमध्ये प्लेट थेट धातूलाच आवळलेली असे, त्यामुळे हा नाद हमखास येई. नंतर गॅस्केटची पद्धत रूढ झाली, जिच्यात प्लेट पोरॉन या फोमसारख्या मऊ पट्ट्यांवर तरंगती ठेवतात आणि ती केसला कुठेही उघडी टेकत नाही. टाइपरायटरखालची नमद्याची गादी इथे यंत्राच्या आत गेली आहे.

तरीही केसचे वरचे आणि खालचे अर्धे भाग एकमेकांना धातूनेच भिडतात. त्या सांध्यावर स्क्रूंच्या आसपास चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून दोन भाग वेगळे ठेवण्याची युक्ती शौकिनांत ‘फोर्स ब्रेक’ म्हणून ओळखली जाते. खर्च नगण्य आणि परिणाम लगेच कानावर येणारा, अशी दुसरी युक्ती मला माहीत नाही. पीसीबीच्या, म्हणजे स्विच ज्याला जोडलेले असतात त्या सर्किटच्या पाटीच्या, पाठीला मास्किंग टेपचे थर लावणे, स्विच आणि पीसीबी यांच्यामध्ये पातळ पीई (पॉलिइथिलीन) फोम घालणे, तळात फोम भरणे हे उपायही प्रचलित आहेत. परंतु फोमने मुख्यतः पोकळीचा घुमारा जातो, धातूचा नाद त्याने पुरता जात नाही, आणि अति भरला तर कळ निर्जीव वाटते. स्पेसबारसारख्या लांब कळांचा खडखडाट हा वेगळाच विषय आहे. तो स्टॅबिलायझरमधल्या, म्हणजे लांब कळ दोन्ही टोकांना सारखी खाली नेणाऱ्या जोडणीतल्या, पोलादी तारेच्या सैल टोकांतून येतो, आणि तिथे दाट ग्रीस लावणे हा नेहमीचा उपाय आहे. स्विचच्या सरकत्या भागांना क्रायटॉक्स २०५ हे फ्लोरिनयुक्त तेलाचे वंगण लावतात. ते प्लॅस्टिकला खात नाही आणि वाळत नाही. एवढे करूनही जो ठोका उरतो, तो कळ तळाला टेकण्याचा आणि उसळून वर परत येण्याचा असतो, आणि त्यासाठी दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी गादी असलेले सायलेंट स्विचच लागतात. चेरीने ते २०१६ च्या सुमारास बाजारात आणले.

हौसेने रचना बदलण्याचा दुसरा भाग म्हणजे कळांची मांडणी. क्यूएमके या, कीबोर्डच्या आतच चालणाऱ्या मुक्त प्रणालीमुळे प्रत्येक कळीचे काम बदलता येते आणि एकाच कळीला निरनिराळी कामे देणारे थर एकावर एक रचता येतात. मराठी लिहिणाऱ्यांसाठी इनस्क्रिप्ट या मांडणीचा आराखडा १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तयार केला, आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानकात समाविष्ट झाला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. देवनागरी अक्षर मात्र संगणकाची प्रणालीच उमटवते, कीबोर्ड फक्त कळीचा क्रमांक पाठवतो, म्हणून कोणत्याही मांडणीच्या धातूच्या कीबोर्डवर इनस्क्रिप्ट चालते. जुन्या टायपिंग क्लासमध्ये टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेल्यांनाही हीच सोय आहे.

या सगळ्या उपायांचा विचार किनाऱ्यावर राहणाऱ्याने थोडा वेगळा करायला हवा, कारण ते बहुधा कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी शोधलेले आहेत. अॅनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेची प्रक्रिया केलेल्या, अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा टणक थर असतो आणि तो खाऱ्या हवेत बराच टिकतो. पण जिथे ओरखडा पडला किंवा स्क्रूच्या भोकात थर मुळातच नाही, तिथे हवेतल्या मिठातील क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात. पोलादी स्क्रू आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये ओलावा राहिला तर झीज अॅल्युमिनियमची होते. पितळेची पट्टी काळवंडते, ते केवळ दिसण्याचे नुकसान आहे. स्टॅबिलायझरच्या तारेला आलेला गंज मात्र पुन्हा आवाज घेऊन येतो. तारेला लावलेले ग्रीस इथे आवाजाबरोबर गंजही रोखते. फोम निवडताना बंद पेशींचा, म्हणजे ज्याची छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतात असा, घ्यावा. उघड्या पेशींचा स्पंजसारखा फोम आषाढ-श्रावणात ओलावा धरतो आणि तो पीसीबीला चिकटूनच बसलेला असतो. म्हणून मृग नक्षत्राआधी केस एकदा उघडून फोम, तार आणि स्क्रूची भोके पाहून घ्यावीत, आणि तेव्हाच सांध्यावरच्या चिकटपट्टीचे उन्हाळ्यात सुटलेले तुकडेही बदलून टाकावेत.